डागापासून आकड्यापर्यंत: एसटीआर मार्करवरून डीएनए प्रोफाइल काढण्याची रीत

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत माणसाचा सगळा डीएनए कोणी वाचत बसत नाही. ३ अब्जांहून अधिक बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) त्या साखळीतल्या वीस-पंचवीस ठरावीक जागाच मोजल्या जातात. या जागा म्हणजे मार्कर. आज बहुतेक काम एसटीआर (शॉर्ट टँडम रिपीट) मार्करवर चालते. एसटीआरमध्ये बहुधा चार बेसचा एक तुकडा, उदाहरणार्थ जीएटीए, पाठोपाठ पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा येतो ते माणसागणिक बदलते. एका गुणसूत्रावर तो १२ वेळा आणि त्याच्या जोडीदार गुणसूत्रावर १५ वेळा असेल, तर त्या जागेचा निकाल ‘१२, १५’ असा लिहितात. यातला एक आकडा आईकडून आलेला असतो, दुसरा वडिलांकडून. असे जोडआकडे ओळीने मांडले की प्रोफाइल तयार झाले.

मार्करची नावे अवघड दिसतात, पण त्यांची फोड सोपी आहे. डी३एस१३५८ मध्ये डी म्हणजे डीएनए, ३ म्हणजे तिसरे गुणसूत्र, एस म्हणजे जीनोममध्ये एकाच ठिकाणी आढळणारा क्रम आणि १३५८ हा त्याचा नोंदक्रमांक. टीएच०१, एफजीए, व्हीडब्ल्यूए हे मार्कर ज्या जनुकांत सापडले त्यांच्यावरून त्यांची नावे पडली. अमेरिकेच्या कोडिस या डेटाबेसने १९९७ मध्ये १३ मूळ मार्कर निश्चित केले. जानेवारी २०१७ पासून ते २० झाले. बहुतेक मार्कर वेगवेगळ्या गुणसूत्रांवर निवडलेले आहेत, आणि जे एकाच गुणसूत्रावर आहेत त्यांचे परस्परांपासूनचे स्वातंत्र्य लोकसंख्येच्या आकडेवारीवर तपासलेले असते. शेवटी आकड्यांचा गुणाकार करता येतो तो याच निवडीमुळे.

१९८४ मध्ये ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ ॲलेक जेफ्रीज यांनी शोधलेल्या डीएनए ठशांच्या मूळ पद्धतीला लांब, अखंड आणि भरपूर डीएनए लागे. एसटीआरचे तुकडे साधारण १०० ते ४५० बेसचे असतात, त्यामुळे जुन्या, उन्हापावसाने खराब झालेल्या डागातही ते शिल्लक राहण्याची शक्यता बरीच असते. दोन बेसच्या पुनरावृत्तीऐवजी चार बेसची घेण्याचे कारण पुढे ‘स्टटर’च्या संदर्भात येईल.

नमुना घेताना

वाळलेला डाग शक्य असेल तेव्हा कापडासकट कापून घ्या. रक्ताच्या डागासाठी ५ मिलिमीटर चौरसाचा तुकडा सहसा पुरतो. त्वचेवरची लाळ किंवा कठीण पृष्ठभागावरचा डाग दोन स्वॅबनी उचला. पहिला निर्जंतुक पाण्याने जेमतेम ओला करून हलक्या हाताने फिरवायचा, दुसरा त्याच जागी कोरडा. पहिला पेशी सैल करतो आणि त्याने मागे ठेवलेला ओलावा दुसरा टिपून घेतो. दोन्ही एकाच नमुन्याचा भाग समजा. स्वॅब पिळण्याइतका ओला केला तर डाग पसरतो आणि पातळ होतो.

नमुना कागदी पाकिटातच ठेवा. ओला नमुना प्लास्टिकच्या पिशवीत बंद केला की जिवाणू आणि बुरशी वाढतात, आणि त्यांची विकरे डीएनएचे तुकडे करतात. आधी हवेशीर जागी वाळवा, मग पाकिटात घाला. शरीराची ऊती फॉर्मालिनमध्ये टाकू नका, त्याने डीएनए प्रथिनांशी जखडला जातो. गोठवण्याची सोय नसेल तर इथेनॉल वापरा. आणि डाग सगळा वापरून टाकू नका. दुसऱ्या कोणाला फेरतपासणी करता यावी म्हणून निम्मा मागे ठेवणे हे कर्तव्य आहे.

‘निर्जंतुक’ लिहिलेला स्वॅब डीएनएमुक्त असेलच असे नाही, हे इथेच पक्के ध्यानात घ्या. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समध्ये चाळीसच्या आसपास गुन्ह्यांच्या ठिकाणी एकाच अनोळखी स्त्रीचा डीएनए मिळत होता. तपास कित्येक वर्षे तिच्या मागे धावला. २००९ मध्ये उलगडा झाला की तो डीएनए स्वॅब तयार होताना कारखान्यातच लागलेला होता. निर्जंतुकीकरणाने जंतू मरतात, पण डीएनए उरू शकतो. यावर २०१६ मध्ये आयएसओ १८३८५ हे मानक आले. साहित्य घेताना ते पाहून घ्या. शिवाय नमुना हाताळणाऱ्या प्रत्येकाचे प्रोफाइल प्रयोगशाळेच्या वगळणी-यादीत हवे.

डीएनए वेगळा करणे

रक्ताच्या किंवा लाळेच्या साध्या डागासाठी चेलेक्स (बारीक मण्यांची एक राळ) पद्धत स्वस्त आणि जलद आहे. तुकडा १ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात १५ ते ३० मिनिटे भिजवा. २–३ मिनिटे सेंट्रिफ्यूज करून तळाचे २०–३० मायक्रोलिटर सोडून वरचे पाणी काढा. ५ टक्के चेलेक्स घालून एकूण २०० मायक्रोलिटर करा. ५६ अंश सेल्सियसला १५ ते ३० मिनिटे, मग उकळत्या पाण्यात ८ मिनिटे ठेवा, हलवा, पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. वरचा द्रव हा अर्क. तो पिपेटने घेताना तळाचा एकही मणी उचलला जाणार नाही हे पाहा. चेलेक्स मॅग्नेशियम धरून ठेवते आणि पीसीआरमधले (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेतले) पॉलिमरेज हे विकर मॅग्नेशियमशिवाय चालत नाही. चार मणी आत गेले की चांगला नमुनाही कोरा निघू शकतो.

मातीतल्या, जीन्सवरच्या किंवा गोठलेल्या जुन्या रक्ताच्या डागांना सिलिका किंवा चुंबकीय मण्यांची पद्धत बरी. मातीतले ह्युमिक आम्ल, जीन्सची निळी आणि रक्तातले हीम पीसीआर अडवतात, आणि ते धुऊन काढायला चेलेक्स अपुरे पडते. हाडासाठी आधी पृष्ठभाग खरवडून, दळून, ०.५ मोलर ईडीटीएमध्ये कॅल्शियम विरघळवावे लागते. मांडीच्या हाडाचा मधला भाग, दाढा आणि आतल्या कानाभोवतीचे दगडासारखे टणक हाड, हे पहिल्या पसंतीचे.

लैंगिक अत्याचाराच्या नमुन्यात स्त्रीच्या पेशी प्रचंड आणि शुक्राणू थोडे असतात. तिथे दोन टप्प्यांत विरघळवतात. पहिल्या टप्प्यात एसडीएस (पेशी फोडणारा डिटर्जंट) आणि प्रोटिनेज के (प्रथिने तोडणारे विकर) एवढेच घाला, डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारे रसायन) नको. त्याने स्त्रीच्या पेशी फुटतात. शुक्राणूंचे डोके डायसल्फाइड बंधांमुळे टिकून राहते. सेंट्रिफ्यूज करून वरचा द्रव वेगळा ठेवा, तळाचा गाळ तीनदा तरी धुवा, आणि मग डीटीटीसह दुसऱ्यांदा विरघळवा. धुण्यात घाई केली की दुसऱ्या भागात स्त्रीचा डीएनए उरतो. पहिला टप्पा फार वेळ चालवला किंवा नमुना जुना असला, तर शुक्राणूही आधीच फुटून उलट दिशेने गळती होते. शुक्राणू अजिबात न सापडल्यास वाय गुणसूत्राच्या मार्करकडे वळा.

प्रत्येक बॅचबरोबर एक कोरी नळी सगळ्या टप्प्यांतून न्या. तिच्यात नमुना सोडून बाकी सगळे घातलेले असते. शेवटच्या आलेखात तिच्यात शिखर (म्हणजे डीएनएची खूण) दिसले तर त्या बॅचचा निकाल थांबवायचा.

मोजमाप आणि पीसीआर

किती डीएनए आहे हे क्यूपीसीआरने (प्रती वाढतानाच मोजणाऱ्या पीसीआरने) मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि मोजणी मानवी डीएनएचीच हवी; जिवाणूंचा डीएनए मोजण्यात आला तर आकडा फसवा येतो. मानवी पेशीत सुमारे ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. म्हणजे १ नॅनोग्रॅममध्ये साधारण १५० पेशींचा ऐवज आला, आणि १०० पिकोग्रॅममध्ये जेमतेम १५ पेशींचा. बहुतेक किट ०.५ ते १ नॅनोग्रॅमवर उत्तम चालतात. अर्क ०.२५ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर निघाला तर २ मायक्रोलिटर घ्या, ०.५ नॅनोग्रॅम होतील.

क्यूपीसीआरमध्ये एक लहान आणि एक लांब असे दोन तुकडे मोजणारे किट घेतले तर डीएनए किती तुटला आहे तेही आधीच कळते. अंतर्गत नियंत्रण (किटमध्येच घातलेला ठरावीक डीएनए) उशिरा वर आले तर अर्कात अडथळा आणणारे काहीतरी आहे. अर्क पातळ करा, पुन्हा स्वच्छ करा किंवा पीसीआरमध्ये बीएसए (अडथळे धरून ठेवणारे प्रथिन) घाला. पातळ करताना डीएनएही पातळ होतो, तेव्हा आधी किती आहे ते बघा.

पीसीआरमध्ये सगळे मार्कर एकाच नळीत वाढवतात. प्रत्येक मार्करच्या एका प्रायमरला (प्रत सुरू करून देणाऱ्या छोट्या डीएनए-तुकड्याला) रंगद्रव्य जोडलेले असते. पाच-सहा रंग आणि तुकड्यांची लांबी यांवरून मार्कर वेगळे ओळखू येतात. चक्रांची संख्या २८ ते ३० च्या आसपास असते. तापमाने आणि वेळ किटच्या सूचनेप्रमाणेच ठेवा. शेवटचे ६० अंशांचे लांब विस्तारण कापू नका. पॉलिमरेज तुकड्याच्या टोकाला एक जादा ए हा बेस जोडते आणि ते काम पुरे व्हायला हा वेळ लागतो. अर्धवट राहिले तर प्रत्येक शिखर एका बेसच्या अंतराने दुभंगते. जास्त डीएनए घातल्यावरही हेच होते.

पीसीआरच्या आधीची आणि नंतरची खोली वेगळी, पिपेट वेगळे, कोट वेगळा. पीसीआर झालेल्या नळीतला एक सूक्ष्म थेंबसुद्धा नव्या अर्कातल्या डीएनएपेक्षा कित्येक पटींनी समृद्ध असतो.

केशनलिकेतून

केशनलिकेत विजेच्या दाबाने तुकडे लांबीनुसार वेगळे होतात आणि त्यांच्या रंगाचा उजेड आलेखात शिखर म्हणून उमटतो. पीसीआरचे १ मायक्रोलिटर उत्पादन सुमारे ९ मायक्रोलिटर फॉर्मामाइड आणि लांबीचे मानक यांच्या मिश्रणात घाला, ९५ अंशांना ३ मिनिटे तापवून लगेच बर्फावर ठेवा. फॉर्मामाइड ताजे वापरा. ते वारंवार गोठवले-वितळवले की त्यातून आयन सुटतात, केशनलिकेत शिरताना ते डीएनएशी स्पर्धा करतात आणि शिखरे खुजी होतात. प्रत्येक फेरीत ॲलीलची (मार्करच्या वेगवेगळ्या लांबीच्या रूपांची) शिडी, म्हणजे ज्ञात तुकड्यांचे मिश्रण, हवीच. खोलीचे तापमान थोडे बदलले तरी तुकड्यांचा वेग बदलतो, आणि शिडीशी ताडूनच ‘हा तुकडा १५ चा’ असे म्हणता येते. शिडीच्या खुणेपासून अर्ध्या बेसपेक्षा जास्त सरकलेले शिखर शिडीबाहेरचे समजून नमुना पुन्हा चालवा. दुसऱ्यांदाही तिथेच आले तर ते दुर्मीळ ॲलील असू शकते. टीएच०१ चे ९.३ हे ॲलील उपकरणाची चांगली परीक्षा घेते. त्यात नऊ पूर्ण तुकडे आणि वर तीन बेस असतात, म्हणजे १० पेक्षा ते फक्त एका बेसने आखूड. ही दोन शिखरे सुटी दिसत नसतील तर पॉलिमर किंवा नलिका बदलायची वेळ झाली आहे.

आलेख वाचणे

खरे कौशल्य इथे लागते, आणि चुकाही इथेच जास्त होतात. पहिला नियम असा की घटनास्थळाच्या डागाचा आलेख आधी वाचायचा, प्रत्येक मार्करचा निर्णय लिहून सही-तारखेसह बंद करायचा, आणि मगच संशयिताचे प्रोफाइल उघडायचे. उलट क्रमाने गेले की संशयिताकडे असलेले ॲलील गोंगाटातही दिसू लागते, आणि नसलेले शिखर ‘स्टटर असेल’ म्हणून सोडले जाते. हे प्रामाणिक माणसाकडूनही घडते. म्हणून भरवसा आपल्या सचोटीवर न ठेवता क्रमावर ठेवायचा.

आता शिखरे. पहिली मर्यादा विश्लेषणाची. तिच्याखालचे शिखर गोंगाट समजायचे. ही उंची प्रयोगशाळेने कोऱ्या नमुन्यांवर स्वतः ठरवलेली असावी. बऱ्याच ठिकाणी ती ५० ते १५० आरएफयू (उजेडाच्या तीव्रतेचे एकक) असते. दुसरी मर्यादा तिच्या वर असते. एकच शिखर दिसले आणि ते या दुसऱ्या मर्यादेखाली असले, तर जोडीदार ॲलील गळालेले असू शकते. कमी डीएनएमध्ये दोनांपैकी एकच प्रत पीसीआरच्या वाट्याला येणे ही निव्वळ योगायोगाची बाब असते. अशा ठिकाणी ‘१२, १२’ लिहिणे ही चूक आहे; ‘१२, ?’ असे लिहा आणि गणितात दुसरे ॲलील कोणतेही असू शकते असे धरा.

पुरेसा डीएनए असताना एकाच माणसाची दोन शिखरे उंचीला जवळपास सारखी असतात; बुटके शिखर उंच शिखराच्या ६० टक्क्यांहून कमी भरले तर शंका घ्या.

स्टटर म्हणजे खऱ्या शिखराच्या एक तुकडा आधी दिसणारे छोटे शिखर. पॉलिमरेज पुनरावृत्तीवर घसरते आणि एक तुकडा गाळून प्रत बनवते. चार बेसच्या मार्करमध्ये हे शिखर मूळ शिखराच्या साधारण ५ ते १५ टक्के असते. दोन बेसच्या मार्करमध्ये ते इतके मोठे येते की मिश्र नमुना वाचताच येत नाही. चार बेसचे मार्कर निवडण्याचे मोठे कारण हेच. ॲलील जितके लांब तितका स्टटर जास्त, तेव्हा सगळ्या मार्करना एकच टक्केवारी लावू नका.

एका रंगातल्या अतिउंच शिखराच्या बरोबर खाली, त्याच लांबीवर दुसऱ्या रंगात शिखर दिसले तर ती रंगांची गळती. कमी उत्पादन घालून पुन्हा चालवा. आलेख डावीकडे उंच आणि उजवीकडे उतरत गेलेला दिसला तर डीएनए तुटलेला आहे. लांब मार्कर आधी गळतात, तेव्हा उजवीकडे नसलेल्या ॲलीलवरून कोणाला वगळू नका.

लिंगनिदर्शक ॲमेलोजेनिनमध्ये एक्सवरचा तुकडा वायपेक्षा ६ बेसने आखूड असतो. काही पुरुषांत वायवरचा हा भागच नसतो आणि निकाल स्त्रीसारखा दिसतो. दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांत हे तुलनेने जास्त आढळले आहे. म्हणून किटमध्ये वायचा आणखी एखादा मार्कर हवा.

मिश्र नमुने

एखाद्या मार्करवर स्टटर सोडून दोनांपेक्षा जास्त शिखरे दिसली की नमुना मिश्र समजा. सर्वांत जास्त शिखरांच्या संख्येला दोनाने भागून वर पूर्णांक घ्या: पाच शिखरे म्हणजे किमान तीन माणसे. ‘किमान’ हा शब्द गाळू नका. माणसांची ॲलील एकमेकांवर बसतात, आणि चार जणांचे मिश्रण तिघांचे असल्यासारखे दिसू शकते.

दोन माणसांच्या मिश्रणात चार सुटी शिखरे मिळाली तर प्रमाण काढता येते. समजा उंची १४००, १३००, ३२० आणि २८० आहे. लहान जोडीची बेरीज ६००, एकूण ३३००. भाग १८ टक्के, म्हणजे प्रमाण साधारण १ ला ४.५. मोठ्या वाटेकऱ्याचे प्रोफाइल इथे वेगळे काढता येते. लहान वाटेकऱ्याचे ॲलील मात्र मोठ्याच्या स्टटरच्या जागी पडले असेल, तर उंचीवरून ते ओळखता येईलच असे नाही. तीन किंवा अधिक माणसे आणि गळालेली ॲलील असतील तर डोळ्याने निर्णय देऊ नये. शिखरांची उंची आणि गळतीची शक्यता धरणारे संभाव्यतेचे सॉफ्टवेअर वापरावे, तेही प्रयोगशाळेने आपल्याच नमुन्यांवर पडताळलेले.

आकडा काढणे

प्रोफाइल जुळले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. ते किती दुर्मीळ आहे ते सांगावे लागते. दोन वेगळी ॲलील असतील तर त्यांच्या वारंवारतांचा (लोकसंख्येतल्या प्रमाणांचा) गुणाकार दुप्पट करा. एकच ॲलील दोनदा असेल तर वारंवारतेचा वर्ग घेऊन त्यात वारंवारता × (१ − वारंवारता) × थीटा मिळवा. थीटा ही एकाच समूहातल्या लोकांचे पूर्वज सामाईक असतात याची भरपाई आहे. ती सहसा ०.०१ आणि लहान, अलिप्त समूहांसाठी ०.०३ धरतात.

तीन मार्करचे नमुन्यादाखल गणित पाहा. वारंवारता मानलेल्या आहेत. पहिल्या मार्करवर ०.१२ आणि ०.२०: २ × ०.१२ × ०.२० = ०.०४८. दुसऱ्यावर एकच ॲलील, ०.१५: ०.०२२५ + ०.००१२७५ = ०.०२३७७५. तिसऱ्यावर ०.०८ आणि ०.२५: ०.०४. गुणाकार सुमारे ०.००००४५६, म्हणजे अंदाजे २१,९०० माणसांत एक. थीटा धरली नसती तर हाच आकडा २३,१०० च्या आसपास गेला असता, म्हणजे पुरावा होता त्याहून भक्कम भासला असता. डेटाबेसमध्ये क्वचितच दिसलेल्या ॲलीलला त्याची मोजलेली वारंवारता न देता किमान वारंवारता द्या: ५ भागिले डेटाबेसमधल्या माणसांची दुप्पट.

हा आकडा नात्यात नसलेल्या माणसांसाठी आहे. सख्ख्या भावाची गोष्ट वेगळी. वरच्या पहिल्याच मार्करवर भाऊ योगायोगाने जुळण्याची शक्यता (१ + ०.१२ + ०.२० + ०.०४८) ÷ ४, म्हणजे ०.३४२ येते, अनोळखी माणसाच्या सातपट. बचाव पक्षाचा रोख भावाकडे असेल तर त्या गृहीतकावर वेगळे गणित करून द्या. एकसारख्या जुळ्यांना तर एसटीआर वेगळे करूच शकत नाही.

वाय गुणसूत्राच्या मार्करना हा गुणाकार लावायचा नाही. ते सगळे एकत्रच वडिलांकडून मुलाकडे जातात, म्हणून पूर्ण संच डेटाबेसमध्ये किती वेळा दिसला ते मोजायचे. एकदाही दिसला नसेल तर ९५ टक्के भरवशाची वरची मर्यादा सुमारे ३ भागिले डेटाबेसचा आकार. बाप, भाऊ, चुलता, चुलतभाऊ सगळे त्याच संचात बसतात. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो, त्याचेही असेच. मुळाशिवायच्या केसात किंवा अतिजुन्या हाडात पेशीकेंद्राचा डीएनए संपलेला असतो तेव्हा तो कामी येतो, कारण पेशीत त्याच्या शेकडो ते हजारो प्रती असतात.

अहवालातली भाषा

‘हा डाग संशयिताचाच असण्याची शक्यता दहा लाखात नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव’ असे वाक्य कधीही लिहू नका. दहा लाखांत एकदा आढळणारे प्रोफाइल ५० लाखांच्या शहरात सुमारे पाच जणांत निघू शकते; त्यातला कोण, हे बाकीच्या पुराव्यावरून न्यायालय ठरवते. योग्य वाक्य असे: ‘डाग संशयिताचा असेल तर हा निकाल मिळण्याची शक्यता, तो त्याच्याशी नाते नसलेल्या अनोळखी माणसाचा असल्यास हाच निकाल मिळण्याच्या शक्यतेच्या तुलनेत इतके पट जास्त आहे.’ डाग कधी आणि कसा लागला, यावर प्रोफाइल काही सांगत नाही. हस्तांदोलनानेही पेशी दुसऱ्याच्या हातावरून तिसऱ्या वस्तूवर जाऊ शकतात.

अहवालाबरोबर कच्च्या आलेखाची फाइल, कोऱ्या नळीचा आणि नियंत्रण नमुन्यांचा निकाल, वापरलेल्या मर्यादा, वारंवारतेचा डेटाबेस आणि थीटाची किंमत जोडा. उरलेला अर्क उणे २० अंशांना, मूळ डागाचा राखलेला भाग कोरड्या कागदी पाकिटात ठेवा, आणि दोन्ही किती उरले आहेत ते अहवालातच लिहा, म्हणजे फेरतपासणी मागणाऱ्याला ती शक्य आहे की नाही ते पहिल्याच दिवशी कळेल.